पेरणीचा निर्णय आणि एआय आधारित पावसाचा अंदाज: वापर कसा करावा?

हवामान बदलामुळे पाऊस लवकर येऊन मध्येच दडी मारण्याचा धोका वाढला आहे. 2025 मध्ये मॉन्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. त्यानंतर मात्र जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल रखडली. अशा वेळी घाई केल्यास दुबार पेरणीची वेळ येते. बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च पुन्हा करावा लागतो.

त्याच खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने 13 राज्यांतील सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांना एम-किसानमार्फत मॉन्सूनच्या आगमनाचा एआय आधारित अंदाज एसएमएसने पाठवला. हा अंदाज चार आठवड्यांपर्यंत आधी मिळू शकतो.

अंदाज कसा तयार होतो?

एआय प्रारूप मागील अनेक दशकांच्या हवामान नोंदींवरून शिकते आणि आजच्या स्थितीवरून पुढील शक्यता सांगते. मात्र त्याचा एक चौकोन साधारण 25 ते 30 किलोमीटर किंवा त्याहून मोठा असतो. त्यात अनेक गावे येतात. त्यामुळे आपल्या शिवारात किती पाऊस पडेल, हे त्यावरून ठरवू नये.

"70 टक्के शक्यता" म्हणजे काय?

असा अंदाज दहा वेळा दिला, तर साधारण सात वेळा पाऊस येतो आणि तीन वेळा येत नाही. चुकलेल्या अंदाजाचा तोटा शेतकऱ्यालाच सोसावा लागतो, म्हणून खालील काळजी घ्यावी.

शेतकऱ्यांसाठी

- अंदाजाचा उपयोग मशागत, बियाणे, खत आणि मजुरांच्या नियोजनासाठी करावा. प्रत्यक्ष पेरणी ओल पाहूनच करावी.
- सोयाबीनची पेरणी 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावर, वापसा आल्यावर करावी. त्याआधी घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासावी. ती किमान 70 टक्के असावी.
- शेतातील पाऊस स्वतः मोजावा. सरळ कडेचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवावा. त्यात 1 सेंमी पाणी साचले म्हणजे 10 मिमी पाऊस झाला.
- कोरडवाहू क्षेत्रात ओल काठावर असेल, तर सर्व क्षेत्र एकाच दिवशी पेरू नये.
- मेघदूत ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला पडताळून पाहावा. शंका असल्यास किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 या क्रमांकावर विचारावे.
- अंदाज देण्याच्या नावाखाली कोणी ओटीपी किंवा बँक खात्याची माहिती मागितल्यास देऊ नये.

कृषी सहायक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- संदेश पुढे पाठवताना तारीख, क्षेत्र आणि शक्यतेची टक्केवारी कायम ठेवावी. "पाऊस नक्की येणार" असे सांगू नये.
- ज्यांच्या नावावर सातबारा किंवा मोबाईल नाही, अशा महिला शेतकरी आणि बटईदारांपर्यंत हा संदेश पोहोचत नाही. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या फलकावर अंदाज लिहावा व बचत गटाच्या बैठकीत समजावून सांगावा.
- महसूल मंडळातील महावेध केंद्राची नोंद आणि मिळालेला अंदाज यांची वही ठेवावी. दोन-तीन हंगामांत आपल्या भागात अंदाज कितपत जुळतो, हे त्यावरून कळते.

थोडक्यात, तयारी अंदाजावर करावी, पेरणी मात्र ओलीवर.