दौलताबादचा शुक्रवार, 24 रबिलाखर 748

बहमनी राज्याच्या जन्माची जी हकिकत आपण वाचत आलो, तिचा एक धागा खुलताबादेत येऊन पोचतो. फरिश्ता लिहितो की, दिल्लीचे जू झुगारून हसन जफरखान हा अलाउद्दीन बहमनशहा या नावाने तख्तावर बसला, तेव्हा त्याने पाच मण सोने आणि दहा मण चांदी गोरगरिबांत वाटवली. हे दान शेख निजामुद्दीन अवलियांच्या नावाने आणि त्यांचे शिष्य शेख बुरहानुद्दीन गरीब यांच्या हातून झाले. याच हकिकतीत तारीख येते 24 रबिलाखर 748, आणि जागा येते दौलताबादेतली कुतुबुद्दीन मुबारकशहाची मशीद. साक्षीदार एकच, पण विधाने तीन. ती एकत्र न मानता वेगवेगळी तपासायला हवीत.

आधी साक्षीदार पाहू. फरिश्ता विजापूरच्या आदिलशाही दरबारात, सतराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता. म्हणजे घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. कवी इसामी मात्र त्या काळातला. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीकरांना दौलताबादला हलवले, त्यांत तो किशोरवयात आला. त्याचे वृद्ध आजोबा पहिल्याच मुक्कामावर वारले. त्याने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे काव्य 1350 मध्ये पुरे करून बहमनशहालाच अर्पण केले. आश्रयदात्याची स्तुती त्यात असणारच, तेवढी वजा करून वाचावे लागते. पण घटनाक्रम त्यावरून पक्का करता येतो. बंडखोर अमिरांनी आधी इस्माईल मुख याला नासिरुद्दीन नावाने सुलतान केले होते, आणि मग त्याने हसनसाठी तख्त सोडले. म्हणजे दिल्लीपासूनचे स्वातंत्र्य दौलताबादेत दोनदा पुकारले गेले.

आता तारीख. सय्यद अली तबातबाने निजामशाहीच्या आश्रयाने ‘बुर्हान-ए-मआसिर’ लिहिला. त्यात 28 साबान 748 अशी वेगळी तारीख मिळते. दोन्ही तारखा मी गणिताने ताडून पाहिल्या. 24 रबिलाखर म्हणजे 3 ऑगस्ट 1347, वार शुक्रवार. 28 साबान म्हणजे 3 डिसेंबर, वार सोमवार. नव्या राजाच्या नावाने खुतबा वाचायचा तर तो शुक्रवारच्या नमाजात. हा निर्णायक पुरावा नव्हे, पण पारडे ऑगस्टकडे स्पष्ट झुकते.

तो शुक्रवार मानला की मशिदीचे विधानही बळावते. कुतुबुद्दीन मुबारक खल्जीने 1318 मध्ये देवगिरीवर स्वारी केली. शहराची जामा मशीद त्याच्या काळातली, जुन्या देवळांचे खांब घेऊन उभारलेली. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात सामील झाल्यावर तिथे भारतमातेची मूर्ती बसली, आणि आज किल्ला पाहायला येणारे तिला भारतमाता मंदिर म्हणून ओळखतात. राज्यारोहण याच छताखाली झाले, हे मी ‘बहुधा’ या शब्दासह लिहीन.

सोन्याची गोष्ट मात्र टिकत नाही. बुरहानुद्दीनांच्या हयातीतच त्यांची वचने टिपून ठेवणारी मंडळी खानकाहात होती. रुक्नुद्दीन काशानीचा ‘नफाइस-उल-अन्फास’ हा संग्रह 738 हिजरीत, म्हणजे 1337 मध्ये, शेखांच्या निधनाच्या वर्षी संपतो. काही नोंदी त्यांचा मृत्यू थोडा पुढे नेतात, पण 1347 च्या आतच. ज्यांच्या हातून दान झाले म्हणतात, ते तेव्हा रौज्यात, म्हणजे आजच्या खुलताबादेत, कबरीत होते. आणि त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी? परंपरा सांगते की 747 हिजरीत सुलतानाच्या हुकमाने दौलताबादकरांना दिल्लीला जावे लागले, त्यांत तेही होते, आणि 1351 मध्ये मुहम्मद तुघलक वारल्यावरच परतले. ही परंपरा खरी असेल, तर त्या शुक्रवारी रौज्याच्या दोघांपैकी एकही शेख आशीर्वाद द्यायला हजर नव्हता.

मग फरिश्त्याकडे ही गोष्ट आली कुठून? माझा तर्क असा, आणि तो तर्कच समजावा: त्याच्या काळापर्यंत या दोन शेखांचा आशीर्वाद ही दख्खनच्या राजघराण्यांची मोठी पुंजी झाली होती. खानदेशच्या फारुकींनी तर तापीच्या दोन काठांवर त्यांच्या नावांची दोन गावे वसवली, बुरहाणपूर आणि जैनाबाद. अशा वातावरणात बहमनी घराण्याच्या मुळाशीही शेखांचा हात असला पाहिजे, असे कुणाला तरी वाटले असावे.