उन्हातही न वितळणारा अगर

अगर हा समुद्रातील लाल शेवाळापासून काढलेला गोठणारा पदार्थ आहे. किराणा दुकानात तो ‘चायना ग्रास’ या नावाने मिळतो. प्रयोगशाळेत बुरशी आणि जिवाणू वाढवण्याचे माध्यम त्यानेच घट्ट करतात. पाण्यात उकळून विरघळवलेला अगर ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान गोठतो, आणि एकदा गोठला की ८५ अंशांच्या आसपास तापेपर्यंत वितळत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात या गुणाचे मोल फार मोठे आहे.

जपानी परंपरेनुसार अगर वाळवून टिकवण्याची रीत १६५८ च्या सुमारास क्योटोजवळच्या एका खानावळवाल्याच्या हाती योगायोगाने लागली. त्याने बाहेर टाकलेली शेवाळाची उरलेली खळ हिवाळ्याच्या रात्री गोठली आणि उन्हाने वाळून हलकी झाली. पुढची सव्वादोनशे वर्षे अगर खाद्यपदार्थच राहिला. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांचे सहकारी जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत, आणि ते उन्हाळ्यात पातळ होई. त्यांच्यापैकी वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेली करताना अगर वापरत. जावामध्ये राहून आलेल्या ओळखीच्या मंडळींकडून त्यांना तो कळला होता. त्यांनी तो पतीला सुचवला आणि अडचण मिटली. कॉख यांच्या १८८२ च्या क्षयरोगावरील निबंधात अगरचा उल्लेख आहे, फॅनी हेस यांचा नाही. हा अन्यायच होता. त्यांची सूचना नसती तर जर्मनीच्या उन्हाळ्यात न टिकणारे जिलेटिन वऱ्हाडात वर्षातले कितीतरी महिने नुसते पाणीच राहिले असते.

वणी जिल्ह्याला १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. त्याच वर्षी बिहारमधील पुसा येथे शेती संशोधन संस्था उभी राहिली. तिथे एडविन बटलर यांनी तुरीच्या मर रोगाची बुरशी अभ्यासून १९१० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मध्य प्रांतातील कपाशीच्या मर रोगावर आजरेकर आणि बाळ यांचा निबंध १९२१ मध्ये आला. कपाशी आणि तूर ही यवतमाळच्या शेतकऱ्याची मुख्य पिके, त्यामुळे हे संशोधन त्याच्या थेट कामाचे होते. अशा तपासाची रीत ठरलेली असते. मेलेल्या झाडाच्या खोडाचा तुकडा अगरने घट्ट केलेल्या निर्जंतुक माध्यमावर ठेवायचा, त्यातून निघालेली बुरशी वेगळी वाढवायची, ती निरोगी रोपाला देऊन तोच रोग होतो का हे पाहायचे.

या कामात कापसाचाही वाटा आहे. कापसाच्या बोळ्यातून गाळलेल्या हवेने उकळलेला रस्सा नासत नाही, हे श्रोडर आणि फॉन डुश यांनी १८५४ मध्ये दाखवले. तेव्हापासून काचेच्या चंबूंच्या तोंडाला कापूस बसवतात. त्यासाठी औषधाच्या दुकानातला शुभ्र कापूस चालत नाही, कारण तो वाफ शोषून ओला होतो. सरकीतून नुकताच सुटलेला, अंगचे मेण असलेला कापूसच लागतो आणि तो यवतमाळात सहज मिळतो.

दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारा अगर थांबला, तेव्हा भारतीय शेवाळापासून तो काढण्याचे प्रयोग सुरू झाले. पुढे तमिळनाडूतील मंडपम येथे लहान प्रमाणावर अगर तयार करण्याची पद्धत बसवण्यात आली.

माध्यम निर्जंतुक करणारे दाबाच्या वाफेचे भांडेही अगरप्रमाणेच आधी स्वयंपाकाशी जोडलेले होते. डेनिस पापिन यांनी हाडे शिजवण्यासाठी ते १६७९ मध्ये दाखवले, आणि दोनशे वर्षांनी शार्ल शांबरलां यांनी त्याच तत्त्वावर निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह केला. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे कुकर १९५९ मध्ये आले, आणि घरी ऑटोक्लेव्हचे काम असा कुकरच करतो. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर आहे, म्हणून तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९८-९९ अंशांनाच उकळते. तेवढ्याने चिवट जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाबाखाली वाफ १२० अंशांच्या आसपास पोहोचते, आणि तिथे ते मरतात.

घरी माध्यम करण्यासाठी २०० ग्रॅम बटाटे उकळून पाणी गाळतात, त्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि २० ग्रॅम अगर घालून ते एक लिटर करतात. बाटल्या अर्ध्याच भरून, बोळ्यावर कागद बांधून त्या कुकरमध्ये जाळीवर ठेवतात. वजनाची शिट्टी असेल तर वाफ जोरात सुटू लागल्यावरच ती लावायची, कारण आत हवा राहिली तर उष्णता पुरती चढत नाही. पूर्ण दाब आल्यावर वीस मिनिटे मोजतात. कुकर आपोआप निवू द्यावा. घाईने वाफ सोडली की माध्यम उसळून बोळे भिजतात. हाताला सोसेल इतके गरम असताना ते झाकणाच्या निर्जंतुक बशांत ओततात.

या बशांवर मर रोगाच्या बुरशीला रोखणारी ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी वाढते, तशीच धिंगरी अळंबीही. पुढे ट्रायकोडर्मा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवून बियाण्याला चोळतात, आणि धिंगरी कपाशीच्या पऱ्हाटीच्या तुकड्यांवरही येते. मूळ कल्चर मात्र कृषी विद्यापीठाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडूनच घ्यावे. बशीत अनोळखी बुरशी दिसली तर ती उघडून वास घेऊ नये. बंद बशी पिशवीत घालून पुन्हा अर्धा तास पूर्ण दाबावर ठेवावी आणि मगच टाकावी. या कामाचा कुकर स्वयंपाकाला वापरू नये.