पशुधन विमा : कळप फिरता, पाऊस कुठला मोजायचा?

नंदुरबार : धुळे-नंदुरबार परिसरातील ठेलारी मेंढपाळ वर्षातील अनेक महिने कळपासह चराईच्या वाटेवर असतात. डिसेंबर २०२१ च्या प्रारंभी अवकाळी पाऊस आणि थंडीने पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या दगावल्या. अशा संकटाची टांगती तलवार त्यांच्यावरही असते.

रूढ पशुधन विम्यात कानातील बिल्ला आणि पशुवैद्यकाचा मृत्यूचा दाखला आवश्यक ठरतो. रानोमाळ भटकणाऱ्याला तो वेळेत मिळवणे कठीण. केंद्र सरकारने २०२४ मध्ये हप्त्यातील पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला, तरी ही अडचण कायम आहे.

हवामान आधारित विम्यात दाखल्याची गरज नसते. पाऊस वा तापमानाने ठरावीक मर्यादा ओलांडली की भरपाई मिळते. केनियातील मार्साबित येथे २०१० मध्ये उपग्रहाने टिपलेल्या चाऱ्याच्या स्थितीवर असा विमा सुरू झाला.

मात्र नोंद गावाकडच्या केंद्राची आणि कळप दूरच्या जिल्ह्यात असेल, तर मेंढ्या गमावूनही भरपाई मिळणार नाही. त्यामुळे हप्ता भरण्याची तयारी केवळ ऐपतीवर नव्हे, तर मोजमाप कोठे होते यावरही अवलंबून राहते.