लंडन बस कर्मचारी अभ्यास
शारीरिक हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखविणारे पहिले मोठे संशोधन. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस (१९१०–२००९) व सहकाऱ्यांनी ते १९५३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

लंडनच्या दुमजली बसचे चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटांसाठी सतत जिने चढत-उतरत. चालकांच्या तुलनेत वाहकांमध्ये हृद्‌रोहिणीविकार कमी आढळला. झालाच तर तो उशिरा व कमी घातक स्वरूपात होई. पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि बैठे काम करणारे टपाल कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसला. चालक नोकरीला लागतानाच अधिक स्थूल असत, हे गणवेशांच्या मापांवरून मॉरिस यांनीच १९५६ मध्ये दाखविले. त्यामुळे सगळा फरक हालचालीचाच मानता येत नाही. मात्र पुढील अनेक अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला बळ दिले.

नियमित व्यायामाने रक्तदाब आटोक्यात राहतो, इन्शुलिनचा परिणाम सुधारतो, हाडे व स्नायू बळकट होतात. पक्षाघात, मधुमेह (प्रकार २), आतड्याचा व स्तनांचा कर्करोग आणि नैराश्य यांचा धोका घटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा; ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. थोडी हालचालही अजिबात न करण्यापेक्षा हितकर असते. म्हणून सुरक्षित पदपथ, मैदाने व उद्याने उपलब्ध करणे हे सार्वजनिक आरोग्याचेच काम ठरते.