एका घागरीतले पाणी, दोन प्रयोगशाळा : कात्सुको सारुहाशी यांची गोष्ट

१/ १ मार्च १९५४. प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने ‘कॅसल ब्राव्हो’ ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. घोषित धोक्याच्या क्षेत्राबाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी नौकेवर काही तासांतच पांढरी राख पडू लागली. २३ खलाशी किरणोत्साराने आजारी पडले; त्यांपैकी आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला मरण पावले.

२/ नौकेवरची राख डोळ्यांना दिसली. समुद्रात पडलेल्या राखेचे काय? महासागर अफाट आहे, सारे काही विरून नगण्य होईल, असा दिलासा दिला जात होता. तोक्योतील हवामान संशोधन संस्थेतील यासुओ मियाके आणि त्यांच्या सहकारी कात्सुको सारुहाशी यांनी तो गृहीत न धरता मोजमाप सुरू केले.

३/ त्यांचे साधन होते सीझियम-१३७. अणूच्या विखंडनातून निर्माण होणाऱ्या या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. ते समुद्रजलात विरघळते आणि पाण्याबरोबरच वाहते. म्हणजे बॉम्बनेच नकळत सागरी प्रवाहांवर खूण केली होती. मात्र प्रमाण इतके अत्यल्प, की अनेक लिटर पाण्यातून रासायनिक प्रक्रियेने सीझियम वेगळे काढावे लागे आणि मगच त्याचा किरणोत्सार मोजता येई.

४/ निष्कर्ष अनपेक्षित निघाला. प्रवाहांनी हे द्रव्य सगळीकडे सारखे पसरवले नव्हते. उत्तर विषुववृत्तीय प्रवाह ते पश्चिमेकडे नेई आणि पुढे कुरोशिओ प्रवाह जपानच्या किनाऱ्याकडे. साहजिकच जपानजवळचे आकडे कॅलिफोर्नियाजवळच्या आकड्यांपेक्षा बरेच मोठे होते. अमेरिकी तज्ज्ञांनी शंका घेतली : समुद्र असमान नाही, जपानी मोजमापच चुकले असावे.

५/ वादाचा निकाल लावण्यासाठी १९६२ मध्ये सारुहाशी कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत गेल्या. पद्धत सरळ होती : नमुना एकच, एकीकडे थिओडोर फॉल्सम, दुसरीकडे सारुहाशी, आणि प्रत्येकाची पद्धत आपापली. दोघांचे आकडे जवळजवळ जुळले. चूक मोजमापात नव्हती. समुद्रच असमान होता.

६/ ५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघाने वातावरण, अंतराळ व पाण्याखालील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार केला. त्यामागे अनेक राजकीय कारणे होती. एकट्या संशोधनाला त्याचे श्रेय देणे अतिशयोक्ती ठरेल. पण ‘समुद्र सारे सामावून घेईल’ हा युक्तिवाद तोवर निराधार ठरला होता.

७/ सारुहाशी १९५७ मध्ये तोक्यो विद्यापीठातून रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. १९८१ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक जपानी महिला शास्त्रज्ञांना दिले जाते. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. चारच वर्षांनी फुकुशिमाची दुर्घटना घडली. समुद्रातील सीझियम नवे किती आणि चाचण्यांच्या काळातले जुने किती, हे ठरवताना दशकानुदशके जपलेल्या मोजमापांचाच आधार घ्यावा लागला.