सातपुड्याचें दप्तर

डोंगराचा इतिहास डोंगरावरच शोधावा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु डोंगर उंचावत असतां झिजतही असतो, आणि झिजलेला भाग पायथ्याच्या खळग्यांत थरावर थर साचत जातो. तो खळगा म्हणजे त्या डोंगराचें दप्तरच होय. बुलढाणा जिल्ह्यांत ज्याला आपण घाटाखालचा मुलूख म्हणतों, तें पूर्णेचें खोरें हें सातपुड्याचें असेंच एक दप्तर आहे.

अशीं खोरीं बनतात कशीं, हें हिमालयाकडे पाहिल्यास चांगलें समजतें. पर्वत वाढूं लागला म्हणजे त्याच्या भारानें शेजारचें भूकवच खालीं वांकतें. त्या वांकणांत नद्या गाळ टाकतात, आणि गाळाच्या वजनानें तें आणखी खचतें. म्हणून गंगेच्या मैदानांतील गाळ पायथ्याकडे कित्येक किलोमीटर जाड असून दक्षिणेकडे पातळ होत जातो. पुढें सरकणारा पर्वत आपलाच जुना गाळ उचलून घेतो. शिवालिकच्या टेकड्या अशाच झालेल्या आहेत.

सातपुड्याची जात निराळी. येथें दोन भूखंडांची टक्कर झालेली नाहीं. गाविलगडच्या डोंगराच्या दक्षिण कडेनें मोठा भ्रंश गेलेला आहे. त्याच्या उत्तरेकडील खडक उचलला गेला आणि दक्षिणेकडील खचला. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा जो काळा पाषाण डोंगरावर उघडा दिसतो, तोच मैदानांत शेंकडों फूट गाळाखालीं पुरलेला आहे. कारण वेगळें, परंतु डोंगर वर आणि खोरें खालीं हा हिशेब तोच.

या गाळाची मांडणीही पाहण्यासारखी आहे. डोंगरांतून सुटलेला ओढा सपाटीवर येतांच मंदावतो व जड धोंडे प्रथम टाकतो. त्यामुळें जळगांव-जामोद व संग्रामपूरकडील पायथ्याशीं गोट्यांचा व वाळूचा पट्टा आहे. तेथें पाणी खोल गेलें तरी गोड असतें. बारीक चिकणमाती मात्र पूर्णेच्या जवळ जाऊन बसली. तिच्यांतून पाण्याचा निचरा होत नाहीं, आणि क्षार आंत कोंडून राहतात. बुलढाणा, अकोला व अमरावती या तीन जिल्ह्यांतील खारपाणपट्टा तो हाच.

भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या वाईन यांनीं 1869 सालीं या खोऱ्यावर टिपण प्रसिद्ध केलें. परंतु येथील खारेपण लोकांना त्याआधींपासून ठाऊक होतें. विहिरींच्या पाण्यापासून ते मीठ काढीत. 1930 सालीं समुद्रापासून इतक्या दूरच्या वऱ्हाडांत मिठाचा कायदा मोडण्यासाठीं सत्याग्रही अकोला जिल्ह्यांतील दहिहांडा येथें जमले, तें या खाऱ्या विहिरींमुळेंच. ज्या गाळानें कपाशीची काळी जमीन दिली, त्यानेंच सरकारशीं झगडण्याचें साधनही दिलें.

तोच गाळ आजही या गांवांची परीक्षा पाहतो. अन्यत्र विहीर आटली तर ती खोल करावी, हा शहाणपणा ठरतो. येथें खोल जाऊन गोडें पाणी लागेलच असें नाहीं. म्हणून सातपुड्यांतून येणाऱ्या वान नदीचें पाणी धरणांत अडवून नळानें अनेक गांवांना पोंचवावें लागलें. पावसाचें पाणी शेततळ्यांत धरून ठेवणें हाही येथें चैनीचा नव्हे, निर्वाहाचा प्रश्न आहे. डोंगरानें खोऱ्याला माती दिली आणि खारेपणही दिलें. पण गोडें पाणीही अजून त्याच्याकडूनच येतें. त्याच्या माथ्यावरचें रान उजाड होऊं दिल्यास त्याची किंमत घाटाखालच्या घागरींना मोजावी लागेल.