कँटनची बंदरचित्रे : अचूकपणा आणि मौन

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण चीनमधील कँटन येथे पाश्चात्त्य गिऱ्हाइकांसाठी जी चित्रे तयार होत, त्यांना कलेतिहासात ‘निर्यातचित्रे’ असे संबोधले जाते. बंदरे, परदेशी वखारी आणि व्यापारी जहाजे हे त्यांतील नेहमीचे विषय होत. कलासमीक्षेने ही चित्रे नकलाकारांचा माल म्हणून बाजूला सारली. इतिहासकारांनी छायाचित्रपूर्व काळाचा पुरावा म्हणून ती जवळ केली. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांमागील गृहीतक मात्र एकच आहे : समोर दिसले ते रंगविण्यापलीकडे या चित्रकारांना काही कर्तृत्व नव्हते. या गृहीतकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्यांचा चीनशी होणारा सागरी व्यापार प्रायः कँटनपुरता सीमित होता. तटबंदीच्या आतील शहरात परदेशीयांना प्रवेश नव्हता. व्यापाराच्या हंगामात त्यांनी पर्ल नदीकाठच्या वखारींत राहावे, सनदी हाँग व्यापाऱ्यांमार्फत सौदे करावेत आणि हंगाम सरताच मकावला परतावे, असा दंडक होता. मोठी जहाजे कँटनच्या खाली व्हाम्पोआ येथे नांगरलेली असत. या मर्यादित अनुभवविश्वातूनच मकाव, बोका टायग्रिसची खाडी, व्हाम्पोआ आणि कँटनच्या वखारी या चार दृश्यांचा संच रूढ झाला. परदेशी खलाशी ज्या क्रमाने चीनमध्ये शिरे, तोच क्रम या चौकडीत आहे. म्हणजे तिची रचना प्रवासवृत्तासारखी असून तिचा निवेदक गिऱ्हाईक आहे, हात मात्र चिनी आहे.

या चित्रांचा अचूकपणा वादातीत आहे. वखारींपुढे फडकणाऱ्या निशाणांवरून त्यांचा काळ ठरविता येतो. अमेरिकेचे पहिले व्यापारी जहाज १७८४ मध्ये कँटनला पोहोचले, तेव्हा अमेरिकी निशाण असलेले चित्र त्यापूर्वीचे असू शकत नाही. १८२२ च्या आगीनंतर वखारींचे दर्शनी भाग बदलले. १८४७ च्या सुमारास तेथे चर्च उभे राहिले आणि १८५६ च्या आगीत ती सारी वस्तीच नष्ट झाली. पॉल व्हॅन डाईक आणि मारिया मोक यांनी २०१५ मधील आपल्या ग्रंथात १७६० ते १८२२ या काळातील वखारचित्रे व्यापारी दप्तरांशी ताडून पाहिली आहेत. इमारतींतील लहानसहान फेरफारही चित्रकार टिपत होते, असे त्यांतून दिसते.

परंतु हा अचूकपणा कशाविषयी आहे? जहाजाचे चित्र करवून घेणाऱ्या कप्तानाला आपल्या डोलकाठ्या, शिडे आणि दोरखंड तोंडपाठ असत. तेथे चूक झाल्यास चित्र परत येण्याचे भय होते. मागील टेकड्या मात्र एका चित्रातून दुसऱ्यात सहज जात. जे गिऱ्हाईक तपासू शकत होते, ते काटेकोर झाले. उरलेले संकेतावर सोपविले गेले. हा अचूकपणा करारातून निर्माण झालेला आहे.

हा करार समजून घेण्यासाठी लामक्वा या चित्रकाराचे उदाहरण उद्बोधक ठरते. ‘क्वा’ हे आदरार्थी उपपद हाँग व्यापाऱ्यांच्या नावांतही आढळते. चित्रकारांच्या बाबतीत ते बव्हंशी दुकानाचे नाव बनले. टूगूड डाउनिंग या इंग्रज शल्यवैद्याने १८३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लामक्वाच्या चित्रशाळेत आठ-दहा कारागीर एकत्र काम करीत असल्याचे वर्णन केले आहे. याच लामक्वाचे एक चित्र १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत प्रदर्शित झाले होते. पुढे पीटर पार्कर या अमेरिकी मिशनरी डॉक्टरासाठी त्याने कँटनच्या रुग्णालयातील रुग्णांची चित्रे केली. ऐंशीहून अधिक अशी चित्रे आज येल विद्यापीठात आहेत. गाठींनी विद्रूप झालेली, तरी शांतपणे समोर पाहणारी ही चिनी माणसे कँटनमधल्याच कुंचल्याने रंगविली. गिऱ्हाईक बदलताच दृष्टीची कक्षाही बदलली. म्हणून बंदरचित्रांत जे दिसत नाही, त्याचे कारण चित्रकाराच्या असमर्थतेत शोधता येत नाही.

काय दिसत नाही? मकाव आणि बोका टायग्रिस यांच्या दरम्यान लिंटिन नावाचे बेट आहे. चीनमध्ये अफूच्या आयातीला बंदी असल्याने १८२१ नंतर अफू येथेच उभ्या जहाजांवर उतरवली जाई आणि चिनी होड्यांतून किनाऱ्याला लागे. त्यांतील माळव्याची अफू मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फतही जात असे. व्हाम्पोआला चहा भरणाऱ्या जहाजांच्या व्यवहारात या अफूचा पैसा खेळत होता. लिंटिनची स्वतंत्र चित्रे आढळतात. रूढ चौकडीत मात्र लिंटिनला स्थान नाही. चौकडी प्रवासाचा फक्त कायदेशीर मार्ग सांगते. १८३९ मध्ये लिन झेशू याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, ती या चौकडीतील बोका टायग्रिसच्याच परिसरात. त्यातून पेटलेले युद्ध १८४२ मध्ये नानकिंगच्या तहाने संपले. तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ती १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधली गेली होती. चौकडीबाहेर राहिलेला व्यापार आपल्याही किनाऱ्यापर्यंत पोहोचतो, तो असा.

आज्ञेवरून लिहिलेली बखर वाचताना आपण लिहविणाऱ्याचे हितसंबंध ध्यानात घेतो, तरी लिहिणाऱ्याचे लेखनकौशल्य नाकारीत नाही. हाच विवेक येथेही हवा. कर्तृत्व म्हणजे एकाकी प्रतिभेचा उद्गार, ही स्वच्छंदतावादी कल्पना सोडली, तर ही चित्रे दोन हातांनी लिहिलेल्या संहिता ठरतात. त्यांतील डोलकाठ्यांवर विश्वास ठेवावा. मात्र कोणते बंदर कोणाच्या संमतीने वगळले गेले, हा प्रश्न विचारल्याखेरीज त्यांचे वाचन पूर्ण होत नाही.